एडिटबाईंचा अक्रोडाचा रोल

एडिटबाईंनी माझ्या डब्यातून एक माणूस मारायचा घाट घातला होता, हे आधीच सांगून टाकते. गोष्ट ताणत बसायची मला सवय नाही. देवदत्त, म्हणजे माझा नवरा, म्हणतो की सिनेमाचा शेवट इंटरव्हलच्या आधी सांगणारी बाई म्हणजे सुलेखा. असू दे. ज्या बाईवर मी जीव लावला तिच्याबद्दल लिहायचं, तर तिनं काय करायला घेतलं होतं ते लपवून तिचं कौतुक करणं मला जमणार नाही.

वय सत्त्याऐंशी. उंची माझ्या खांद्याएवढी. पाठ अशी ताठ की बघणाऱ्यानं आपोआप सरळ उभं राहावं. रोज सकाळी ओठांना लाल लिपस्टिक आणि त्यावर मास्क. "अहो, दिसत नाही कुणाला," मी म्हणायचे. "मला ठाऊक असतं ना," त्या म्हणायच्या. मूळच्या हंगेरीतल्या बुडापेस्टच्या, ज्यू. छप्पन साली तिथे उठाव झाला, रणगाडे आले, तेव्हा निर्वासित म्हणून आयर्लंडला आल्या आणि इथल्याच होऊन गेल्या. लग्न केलं नाही. चाळीस वर्षं आमच्या या बंदराच्या गावातल्या, डून लेरीतल्या, पोरांना पोहायला शिकवलं. बाजारात त्यांच्याबरोबर गेलं की टक्कल पडलेले बाप्ये थांबून "हॅलो मिस" म्हणायचे, आणि या त्यांना त्यांचे पाय कसे वाकडे पडायचे ते सगळ्यांदेखत सांगायच्या. स्वतः बाराही महिने समुद्रात पोहायच्या. इथला समुद्र म्हणजे फ्रीजमधलं पाणी. मी एकदा घोट्यापर्यंत उतरले होते आणि देवाचं नाव घेत बाहेर आले होते.

माझी त्यांची ओळख लॉकडाऊनमुळे झाली. मी मूळची डोंबिवलीची. देवदत्तला इथे जवळच सँडीफोर्डला नोकरी लागली म्हणून त्याच्यामागून इथे आले, आणि घरी बसून डोकं फिरायला लागलं तेव्हा मराठी पोरापोरींना लाडू-चकल्या करून विकायला लागले. मार्च २०२० मध्ये कॉलेजं बंद झाली, पोरं घरी गेली, धंदा बसला. त्याच वेळी सरकारनं सत्तरीपुढच्यांना घराबाहेर पडू नका म्हणून सांगितलं. त्याला इथे कोकूनिंग म्हणायचे, माणसं म्हणजे जसे रेशमाचे किडेच! आमच्या रस्त्यावरचे म्हातारे ब्रेड आणि बीन्सवर दिवस काढताना बघून मला राहवेना. मी स्टीलचे डबे काढले आणि वरण-भात, भाजी, सौम्य रस्सा असं घरोघरी पोचवायला लागले.

डबा परत घेताना मी सगळ्यांना एक सांगितलं. आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत. चिमूटभर साखर घाला, पण काहीतरी घाला. मी आपलं गमतीत म्हटलं होतं, पण म्हाताऱ्यांनी ते मनावर घेतलं. कुणी स्कोन घालायचं, कुणी अंडी, कुणी बागेतली डॅफोडिल्स. एका आजोबांनी चहाच्या दोन पुड्या घालून वर "ग्रँड" म्हणून अंगठा दाखवला होता. दिवसभर बंद दारं बघून आलेला वैताग ते डबे उघडताना उतरायचा. माझी नऊ वर्षांची अबोली डबे परत आले की माझ्याआधी झाकणं काढायची. मी मराठीत ओरडायचे, ती आयरिश सुरात "रिलॅक्स, आई" म्हणायची.

एडिटबाईंच्या डब्यात बहुतेक वेळा सोललेले अक्रोड यायचे. त्यांचं आणि अबोलीचं फार जमलं. शाळा बंद, मैत्रिणी बंद, तेव्हा रोज संध्याकाळी ही पोरगी टॅबवर त्यांना व्हिडिओ कॉल लावायची आणि त्या तिला पलंगावर पालथं झोपवून पोहायचे हात शिकवायच्या. मी आतून ऐकायचे, "कोपर वर! श्वास बाजूला!" आणि मला हसू आवरायचं नाही.

तो टॅब मीच त्यांना लावून दिला होता. त्यांच्या दोन जुन्या मैत्रिणी होत्या, हैफाला लिली आणि मॉन्ट्रियलला मॅग्डा. तिघी लहानपणी बुडापेस्टच्या एकाच इमारतीत राहायच्या. दर रविवारी तिघी पडद्यावर यायच्या आणि हंगेरीयनमध्ये तावातावानं बोलायच्या. मी पुसायचं फडकं हातात घेऊन उभी असायचे आणि म्हणायचे, काय बाई ही दोस्ती, नव्वदी आली तरी गप्पा संपत नाहीत. त्या तिघींचं एक जुनं कारस्थान होतं आणि त्याचं इंटरनेट मी जोडून दिलं होतं, हे मला कोण सांगणार?

आता दुसरा माणूस. फ्रँक वॉर्ड, वय त्र्याण्णव. चढावरच्या रस्त्यावर एकटा राहायचा, बायको वारलेली. बंदरात बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेलं. बोलण्यात वेगळा हेल होता, विचारलं तर म्हणायचा मी ऑस्ट्रियाकडचा. वागायला अतिशय सज्जन. माझं वरण त्याला इतकं आवडायचं की वाटी पुसून खायचा आणि डब्यात न चुकता चॉकलेट घालून पाठवायचा. मला तो आवडायचा, हे खोटं कशाला सांगू?

नोव्हेंबरात दिवाळी आली. मी सगळ्या म्हाताऱ्यांना फराळ दिला आणि दारात उभं करून प्रत्येकाचा फोटो काढला, आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला. फ्रँक म्हणाला, "मला नको." मी कसली ऐकतेय! फाटकातून हाक मारली आणि काढलाच. त्यानं तोंड फिरवलं, त्यामुळे फोटोत त्याचा गाल आणि डावा कान तेवढा आला. कानाची खालची पाळी नव्हती. मी वर चकलीचं चित्र चिकटवून फोटो ग्रुपवर टाकून दिला.

दुसऱ्या दिवशी एडिटबाईंनी मला दारातच अडवलं. "हा कोण?" मी सांगितलं. "कुठला?" तेही सांगितलं. मग रोज सुरू झालं. युअर मॅन काय खातो, युअर मॅनकडे कुणी येतं का, युअर मॅनचा आवाज कसा आहे. इथे युअर मॅन म्हणजे तो अमका बाबा, कुणाचा नवरा-बिवरा नव्हे. पण मला वाटलं, अगं बाई, हे काय भलतंच! सत्त्याऐंशीव्या वर्षी! मी त्यांना चिडवायला लागले. फ्रँकनं "वृंदा नाही, सुलेखा नाव आहे ना तुझं? माझं नेहमी चुकतं, आणि मिरची कमी घाल," असा आवाजी निरोप पाठवला होता, तो मी त्यांना मुद्दाम मोठ्यानं ऐकवला. त्यांनी तो डोळे मिटून ऐकला. पुन्हा लावायला सांगितला. मी म्हटलं, "लग्नाला मी पुरणपोळ्या करीन हं." त्या हसल्या. त्या कशा हसल्या ते आता आठवलं की मला स्वतःला दोन मुस्कटात माराव्याशा वाटतात.

डिसेंबरात दुकानं थोडी उघडली, लोक नाताळच्या तयारीला लागले. एडिटबाईंनी मला खसखस आणि अक्रोड भरलेला एक लांब रोल दिला. वरून तुकतुकीत, तडे गेलेला, रिबिन बांधलेला. हंगेरीत नाताळला घरोघरी करतात म्हणे. "हा युअर मॅनच्या डब्यात घाल. एकटा आहे बिचारा. माझं नाव सांगू नकोस, चर्चकडून आलाय म्हण." मला इतकं गोड वाटलं! मी म्हटलं, "सांगत नाही, पण कळेल हो त्याला." "कळलं तर कळू दे," त्या म्हणाल्या.

मी रोल पोचवला. दुसऱ्या दिवशी डबा घ्यायला गेले, तर फ्रँकनं डबा हातात देताना सांगितलं, "चर्चवाल्यांना धन्यवाद सांग. मला साखर चालत नाही. तुझ्या मुलीसाठी घातलाय. रिकामा डबा द्यायचा नसतो ना?" मी त्याचे आभार मानले. रोल जसाच्या तसा होता. घरी येऊन डबा ओट्यावर ठेवला आणि कपडे वाळत घालायला गेले.

त्या संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते. अबोली बाहेरच्या खोलीत टॅब लावून बसली होती. तिचा आवाज आला, "लुक एडिट, मिस्टर वॉर्डनं मला केक दिलाय!" आणि मग टॅबमधून जो आवाज आला तो मी जन्मात विसरणार नाही. माणसाचा वाटला नाही मला तो. "खाली टाक! सुलेखा! सुलेखा! तिच्या हातातून घे! त्यात विष आहे!"

मी पोळपाट ढकलून धावले. अबोलीच्या हातात कापलेला तुकडा होता, तोंड उघडं होतं. मी तिच्या हातावर असा फटका मारला की तुकडा भिंतीवर जाऊन फुटला. तिच्या तोंडात बोटं घालून बघितलं. काही नव्हतं. खाल्ला नव्हता. चाटलासुद्धा नव्हता, ती रडत रडत शपथेवर सांगत होती. देवदत्त हेडफोन काढून बाहेर आला आणि काय झालं, काय झालं म्हणून विचारत राहिला. पडद्यावर एडिटबाई दोन्ही हात तोंडावर घेऊन बसल्या होत्या. लिपस्टिक हाताला लागली होती.

एक गोष्ट मला नंतर सुचली. त्या दुसरंही काही म्हणू शकल्या असत्या. केक शिळा आहे, अंडं खराब होतं, फेकून दे, एवढं पुरलं असतं. पोरगी वाचली असती आणि त्यांचं कारस्थानही. त्यांना खोटं बोलायला वेळच झाला नाही. पोर वाचवायची म्हटल्यावर जे पहिलं तोंडात आलं ते खरं होतं.

पण हे नंतरचं. त्या वेळी मला फक्त त्या बाईचा गळा धरायचा होता. अबोलीला देवदत्तच्या मांडीवर दिलं आणि पीठ भरल्या हातांनी तशीच त्यांच्या घरी गेले. दार उघडंच होतं. मी नाही नाही ते बोलले, मराठीत बोलले, डोंबिवलीच्या नळावर बोलतात तसं बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बस. मी सांगते. मग पोलिसांना बोलाव."

त्यांनी सांगितलं ते असं. चव्वेचाळीस सालचा हिवाळा. बुडापेस्टमध्ये हंगेरीतल्या नाझींचं राज्य. बाणांच्या फुलीचे पट्टे दंडाला बांधलेली सतरा-अठरा वर्षांची पोरं बंदुका घेऊन घराघरांतून ज्यू काढत होती. यांच्या इमारतीच्या रखवालदाराचा मुलगा फेरी त्यांच्यात होता. हाच फेरी आधी चौकातल्या पोरांना झोका बांधून द्यायचा. शेजारच्या कुत्र्यानं त्याच्या कानाचा लचका तोडला तेव्हा एडिटबाईंच्या आईनंच जखम धुऊन बांधली होती. तो आणि आणखी तिघं वर आले आणि बारा-तेरा माणसांना नदीवर घेऊन गेले. त्यात एडिटबाई, त्यांची आई, आणि सहा वर्षांची धाकटी बहीण झुझी. लिलीचे वडील. मॅग्डाची आजी आणि भाऊ. काठावर बूट काढायला लावले, कारण बुटांना किंमत होती. झुझीला नाडीची गाठ सुटेना. फेरी गुडघ्यावर बसला, त्यानं स्वतः ती गाठ सोडली, बूट बाजूला नीट ठेवला आणि मग उभा राहिला.

"मला गोळी लागली नाही," एडिटबाई म्हणाल्या. "मी आईच्या वजनानं नदीत पडले. मला पोहायला येत होतं. झुझीला मी पुढच्या उन्हाळ्यात शिकवणार होते."

मी खुर्चीत बसले.

तिघी मैत्रिणींनी तरुणपणीच ठरवलं होतं की त्या चौघांपैकी जो सापडेल त्याला कोर्टात न्यायचा नाही, जी जवळ असेल तिनं संपवायचा. कोर्टावरचा विश्वास त्यांचा एका अनुभवानं उडाला होता. एकाचा पत्ता लागला होता, तक्रारही केली होती, पण कागद हलेपर्यंत तो मऊ बिछान्यात मेला आणि पेपरात प्रेमळ आजोबा म्हणून त्याचा फोटो छापून आला. दुसरे दोघे असेच वारले. चौथा छप्पन सालच्या निर्वासितांतच मिसळून, नाव बदलून इथे आला होता. फेरेन्त्सचा फ्रँक झाला होता. चौसष्ट वर्षं दोघं एकाच गावच्या हवेत राहिले, आणि शेवटी तो माझ्या हातचं वरण खात होता.

"माझ्या हृदयाच्या गोळ्या मी साठवल्या," त्या म्हणाल्या. "पण ते सोड. मी आज तुझ्या मुलीला मारत होते. तो आणि मी, आता फरक काय राहिला? त्यानंही लहान मुलगीच मारली."

मला म्हणायचं होतं, फरक आहे. पण माझी मुलगी होती ती. मी उठून घरी आले.

देवदत्त म्हणाला, लगेच गार्डांना फोन करू. इथे पोलिसांना गार्ड म्हणतात. मी म्हटलं, थांब. तो इतका चिडला की लग्नानंतर पहिल्यांदा माझ्यावर ओरडला. "तुझ्या मुलीच्या तोंडाशी विष होतं, सुलेखा!" त्याचं काहीच चुकत नव्हतं. त्यानं उरलेला रोल दोन पिशव्यांत गुंडाळून प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत कपाटात, अगदी वरच्या फळीवर ठेवला आणि अबोलीला सांगितलं की त्या कपाटाला हात लावायचा नाही. मी कितीदा तरी फोन उचलला आणि खाली ठेवला. सूड म्हणजे मला आजवर काय ठाऊक होतं? नणंद टोचून बोलली की तिच्या चहात साखर कमी घालायची. एवढाच माझा आवाका. सहा वर्षांच्या बहिणीची नाडी सोडणारा माणूस समोर आला तर मी काय केलं असतं, हे मी स्वतःला विचारत होते. आणि खरं सांगू, मला जे उत्तर येत होतं ते मला देवदत्तला सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी फ्रँककडे गेले. डबा घेऊन गेले नाही. काय बोलायचं तेही ठरवलं नव्हतं. मला फक्त त्याचं तोंड बघायचं होतं. तो लोकरी जाकीट घालून दारात आला, माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला.

"मुलीनं खाल्ला का केक? बरी आहे ना ती?"

कुणाच्या लेकीला केक दिला तर माणूस काय विचारतं? आवडला का, असं विचारतं. बरी आहे ना, असं कोण विचारेल?

"का?" मी म्हटलं. "बरी का नसेल?"

त्यानं नजर फिरवली आणि दार थोडं लोटलं.

"तुम्हाला कळलं होतं," मी म्हटलं. "रोल बघितल्यावरच कळलं होतं तुम्हाला."

त्यानं दाराची कडा धरली. मग शांतपणे म्हणाला, "असा रोल या गावात कुणी करत नाही. आमच्याकडच्याच कुणीतरी केला असणार. मला वाटलं, आले. पण खात्री नव्हती. नुसता केकही असू शकतो."

"म्हणून माझ्या मुलीला दिलात? खात्री करून घ्यायला?"

तो खाली बघत होता. नाही म्हणाला नाही. माझ्या अंगातून अशी तिडीक गेली की पायरीवरची कुंडी उचलून त्याच्या डोक्यात घालावी. मी कुंडीला हात लावला नाही, पण त्याला हाक मारली, "फेरी." त्याची मान झटकन वर आली. मी म्हटलं, "झुझीच्या बुटाची गाठ तुम्ही सोडलीत."

"मी सतरा वर्षांचा होतो," तो म्हणाला. "आम्हाला हुकूम होता. तेव्हा सगळेच..."

"आणि काल? काल तुम्ही त्र्याण्णव वर्षांचे होतात. काल कुणाचा हुकूम होता?"

मी वळले. फाटकापर्यंत पोचले तर मागून तो म्हणाला, "सुलेखा, उद्या डबा आणशील ना?"

अन्नाला नाही म्हणायला मला कुणी शिकवलेलं नाही. दारात भुकेला आला तर आधी वाढायचं आणि मग नाव विचारायचं, असंच मी बघत आले. मी त्याला नाही म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, शेजाऱ्यांनी ऐकावं म्हणून. आणि रस्त्यावर येऊन भिंतीला टेकून रडले.

तिथून तडक एडिटबाईंकडे. त्या कालच्याच कपड्यांत होत्या. लिपस्टिक नव्हती. टेबलावरचा चहा तसाच निवलेला. मी त्यांना शब्द न् शब्द सांगितला. मुलगी बरी आहे ना, म्हणाला. खात्री नव्हती, म्हणाला. मग काल बोलायचं राहिलेलं बोलले, "फरक काय राहिला असं विचारत होतात ना? तुमच्या हातात तो शहात्तर वर्षांनी आला होता. एका पोरीसाठी तुम्ही तो एका क्षणात सोडलात. आणि त्यानं स्वतःच्या जिवासाठी तीच पोरगी पुढं केली. हा फरक आहे. मला राग आहे तुमचा, खूप आहे, तो जाईल की नाही ठाऊक नाही. पण तुम्ही त्याच्यासारख्या नाही."

त्यांनी माझा हात धरला नाही, रडल्या नाहीत. खिडकीकडे बघून म्हणाल्या, "म्हणजे तो अजून तोच आहे." मग म्हणाल्या, "तुझ्यासमोर कबूल केलं त्यानं. तू साक्ष देशील?"

"देईन. केकचं काही बोलायचं नाही, फक्त त्याचं सांगायचं. देवदत्तला मी गप्प करते."

"आणि त्यानं कबुली का दिली, ते कसं सांगशील? केक काढून टाकलास तर उरतं काय? म्हातारा मुलीची चौकशी करत होता, एवढंच."

बाई बरोबर होत्या. त्याला उघडा पाडायचा तर आधी त्यांनाच तुरुंगाच्या दारात उभं राहायला लागणार होतं.

त्यांनी आधी टॅब लावला. लिली आणि मॅग्डा पडद्यावर आल्या. मला भाषा कळत नव्हती, पण भांडण कुठल्याही भाषेत कळतं. मॅग्डा मोठमोठ्यानं बोलली, बोटं नाचवली आणि निघून गेली, तिची रिकामी खुर्ची तेवढी दिसत राहिली. लिली रडत होती, मान हलवत होती. एडिटबाईंनी टॅब बंद केला. "मॅग्डा म्हणाली मी तिच्या भावाला दुसऱ्यांदा नदीत टाकलं," त्यांनी मला सांगितलं. मग आत गेल्या आणि चेहरा धुऊन, कोट घालून आल्या. ऐंशीएक वर्षांची मैत्री मोडून आलेली बाई कोटाची बटणं लावत होती.

मी देवदत्तला फोन केला. तो पिशवी घेऊन आला. एडिटबाईंकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही, पण गाडीचं मागचं दार उघडून धरलं.

चौकीत काचेमागे एक तरुण गार्ड होता, मास्कवरून डोळे तेवढे दिसत होते. म्हाताऱ्या बाईला बघून त्यानं पटकन खुर्ची बाहेर आणून दिली. एडिटबाई बसल्या नाहीत. त्यानं प्रेमानं विचारलं की काय हरवलंय का, कुणी त्रास दिलाय का.

"दोन तक्रारी आहेत," त्या म्हणाल्या आणि पिशवी काचेखालून पुढं सरकवली. "एक एका खुनी माणसाविरुद्ध आहे. त्याचं खरं नाव मी सांगते. पण आधी माझ्याविरुद्धची लिहून घ्या."

गार्ड हसला. त्याला वाटलं आजीबाई गंमत करतायत. "तुम्ही काय करणार, मिस?"

"मी विष घातलं," त्या म्हणाल्या. "लिहा. माझं आधी लिहा. नाहीतर त्याचं ऐकताना तुम्ही मला बिचारी म्हणाल, आणि त्यालाही मऊ बिछान्यात मरू द्याल."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग त्यानं पेन उचललं आणि त्यांचं पूर्ण नाव विचारलं.